उजव्या हाताचे सत्तर टक्के

मुंबईत लोअर परळहून सात रस्त्याकडे जाणाऱ्या रस्त्याला जुनी माणसे अजून डिलाईल रोड म्हणतात. पाटीवर मात्र ना. म. जोशी मार्ग असे लिहिलेले असते. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाच्या बातम्यांमुळे हे नाव अलीकडे पुष्कळदा छापून आले. पण हे ना. म. जोशी कोण, असे विचारले तर दहातील आठजण गप्प बसतील. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणसांनी तरी गप्प बसू नये, कारण हा माणूस आपला आहे.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव ही गावे मागे पडतात आणि लोणेरे येते. तिथून आत वळले की गोरेगाव. मुंबईच्या उपनगराशी याचा काही संबंध नाही. हे माणगाव तालुक्यातले गोरेगाव. या गावी ५ जून १८७९ रोजी नारायण मल्हार जोशी यांचा जन्म झाला. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके, गागोद्याचे विनोबा, महाडजवळच्या नात्याचे चिंतामणराव देशमुख ही नावे आपण अभिमानाने घेतो. त्या रांगेत जोशी सहसा नसतात. त्यांच्या आयुष्यात बंड नाही, तुरुंगातले नाट्य नाही, मोठे पद नाही. आहे ती सभागृहात मांडलेल्या दुरुस्त्यांची, फेटाळलेल्या ठरावांची आणि टक्केवारीच्या तक्त्यांची कहाणी. मी आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे असेल कदाचित, पण मला ही कहाणी फार मोलाची वाटते.

जोशींचे शिक्षण पुण्यात झाले. १९०१ साली ते डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले. पुढची सुमारे आठ वर्षे त्यांनी शिक्षकी केली. त्या काळातल्या ब्राह्मण पदवीधराला हा रस्ता सरळ होता: मास्तरकी, मग हेडमास्तरकी, शेवटी पेन्शन. १९०९ साली त्यांनी तो सोडला आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या या संस्थेत येणारा माणूस तुटपुंज्या निर्वाह-वेतनावर जन्मभर देशाचे काम करण्याची शपथ घेत असे. जोशींनी तिथे एकतीस वर्षे काढली.

गोखल्यांच्या तालमीत एक गोष्ट पक्की शिकवली जाई. बोलण्यापूर्वी आकडे गोळा करायचे, कागद वाचायचे, मगच तोंड उघडायचे. हे शिक्षण घेऊन जोशी मुंबईच्या गिरणगावात उतरले आणि १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, साथीच्या आणि दुष्काळाच्या दिवसांत मदत, अशी या संस्थेची कामे असत. जोशी कामगारांचे पुढारी झाले ते या वाटेने. आधी त्यांनी चाळी पाहिल्या, भाषणे नंतर केली.

त्या चाळींत राहत होते कोण? आपलेच लोक. रत्नागिरी, कुलाबा, सातारा इथून गेलेले. बाप्या मुंबईला आणि बायको-पोरे गावी, अशी घरेच्या घरे त्या काळी होती. महिन्याची मनीऑर्डर आली की वाण्याची उधारी फिटे. यंत्राच्या पट्ट्यात हात गेला तर तो परळला जात असे, पण चूल विझत असे ती माणगाव-पोलादपूरच्या एखाद्या वाडीत.

अशा अपघातानंतर त्या माणसाला काय मिळे? मालक भला असला तर शे-पन्नास रुपये. नसला तर काही नाही. कोर्टात जाता येत होते, पण मालकाची चूक शाबीत करावी लागे. त्यातही इंग्लंडातून आलेले एक तत्त्व आडवे येई. १८३७ सालच्या एका इंग्रजी खटल्यापासून चालत आलेले हे तत्त्व असे की, कामगाराला दुसऱ्या कामगाराच्या हलगर्जीने इजा झाली, तर मालक जबाबदार नाही. शिवाय धोक्याचे काम जाणूनबुजून पत्करले, म्हणजे धोकाही पत्करला, असाही बचाव होता. कारखान्यातला बहुतेक अपघात या दोन कप्प्यांपैकी एकात बसवता येई. जर्मनीने १८८४ साली अपघात विम्याचा कायदा केला. इंग्लंडने १८९७ साली चूक कोणाची हा प्रश्न बाजूला ठेवून भरपाई द्यायला सुरुवात केली. हिंदुस्थानात मात्र १९२० उजाडले तरी काही नव्हते.

दरम्यान जोशींचे नाव देशभर झाले होते. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेच गेले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही ते होते. आणि १९२१ साली नव्या सुधारणांनुसार मध्यवर्ती कायदेमंडळ सुरू झाले, तेव्हा सरकारने कामगारांचा प्रतिनिधी म्हणून त्यांना नेमले. कामगाराला मत नव्हते, म्हणून त्याचा प्रतिनिधी निवडून येऊ शकत नव्हता. सरकार नेमील तोच प्रतिनिधी. अशा माणसाकडे दोन्ही बाजू संशयाने पाहतात. निवडून आलेल्यांच्या दृष्टीने तो सरकारचा माणूस, आणि सरकारच्या दृष्टीने आपण बसवूनही आपल्याविरुद्ध बोलणारा. या खुर्चीवर जोशी पंचवीस वर्षे बसले.

पहिल्याच वर्षी, मार्च १९२१ मध्ये, त्यांनी कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण द्यावे असा ठराव आणला. मद्रासच्या एका गिरणीने कामगार पुढाऱ्यांना आदल्याच वर्षी कोर्टात खेचले होते. ठराव मान्य झाला, कायदा व्हायला १९२६ साल उजाडले. जोशींच्या कामाचा वेग हा असा होता.

१९२१च्या जुलैत सरकारने प्रांतांकडून अपघाताच्या भरपाईबद्दल मते मागवली, जून १९२२ मध्ये समिती बसली आणि त्याच वर्षी विधेयक आले. त्या वादातले मुद्दे आज वाचताना मला बँकेच्या कर्ज समितीची बैठक आठवते. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला खर्च. असल्या कायद्यांविरुद्ध जगभर जे बोलले जाते तेच इथेही होते. धंद्यावर बोजा पडेल, विम्याचा हप्ता भरावा लागेल, मालाची किंमत वाढेल, परदेशी माल पुढे जाईल. किरकोळ दुखापतीवर लोक घरी बसून पैसे खातील.

हा बोजा म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासारखे आहे. हजार कामगारांच्या गिरणीत वर्षाला काही अपघात होणार, हे मालकाला ठाऊक असते. कोणाला होणार एवढेच ठाऊक नसते. कायदा नसतो तेव्हाही त्या अपघातांचा खर्च होतोच, पण तो ज्याचा हात गेला त्याच्या घराने भरायचा असतो. कायदा झाला की तोच खर्च मालकाच्या वहीत येतो. मालक विमा उतरवतो, हप्ता कापडाच्या किमतीत घालतो, आणि धोतरजोडीमागे एखादी पै वाढून तो खर्च हजारो गिऱ्हाइकांत वाटला जातो. म्हणजे खर्च नव्याने जन्माला येत नाही, त्याचा खांदा बदलतो. सरकारने आपल्या निवेदनात आणखी एक शहाणपणाचा मुद्दा मांडला होता. भरपाई द्यावी लागली की मालक यंत्राला कठडा बसवतो. दहा तपासनीस पाठवून जे होत नाही, ते खिशाला चाट बसली की होते.

कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याच्या शेवटी एक तक्ता होता. मनुष्याच्या शरीराची अशी किंमतयादी आपल्याकडे त्यापूर्वी कधी छापली गेली नसावी. उजवा हात कोपरापासून किंवा वरून गेला तर सत्तर टक्के. डावा गेला तर साठ. पाय गुडघ्यापासून वर गेला तर साठ, खाली गेला तर पन्नास. एक डोळा तीस. अंगठा पंचवीस. पायाचा अंगठा दहा, हाताची तर्जनीही दहा. इतर कुठलेही बोट, पाच.

वाचताना अंगावर काटा येतो, हे खरे. पण तक्ता नव्हता तेव्हा त्या बोटाची किंमत शून्य होती, हे विसरू नये. तीस रुपये पगाराच्या गिरणीकामगाराचा हिशेब मी करून पाहिला. तो मेला तर वारसांना तीस महिन्यांचा पगार, म्हणजे ९०० रुपये. कायमचा पूर्ण अपंग झाला तर बेचाळीस महिन्यांचा, म्हणजे १२६० रुपये. उजवा हात गेला तर त्याचे सत्तर टक्के, ८८२ रुपये. पाच टक्क्यांचे बोट ६३ रुपयांना. दुखापतीने घरी बसावे लागले तर निम्मा पगार, पण पहिल्या दहा दिवसांचा काही नाही. मृत्यूला अडीच हजारांची आणि अपंगत्वाला साडेतीन हजारांची कमाल मर्यादा होती.

अपंगत्वाचे पैसे मृत्यूपेक्षा जास्त का, असे कोणी विचारील. मेलेल्याला खायला लागत नाही, हे त्याचे सरळ उत्तर आहे. कायदा करणाऱ्यांना भावना नसते असे आपण म्हणतो. पण संसाराचा हिशेब या तरतुदीत बरोबर उतरला आहे.

या कायद्यात काय नव्हते, ते पाहिले की जोशींचे पुढचे आयुष्य कळते. शेतमजूर नव्हता. लहान कारखान्यातला मजूर नव्हता. आमच्या पनवेल-उरणच्या खाडीकाठी मिठागरात पाय सोलवटून घेणारा आगरीही नव्हता. विमा सक्तीचा नव्हता, म्हणजे मालकाचे दिवाळे वाजले तर वारसांचे पैसेही बुडण्याची भीती. कामगाराने मुद्दाम नियम मोडला किंवा कठडा काढला असे दाखवता आले तर भरपाई नाही, मग तो मेला असला तरी. आणि मूळ विधेयकात, दुसऱ्या कामगाराच्या हलगर्जीचा जो बचाव मी वर सांगितला, तो काढून टाकणारा भाग होता. तो समितीच्या टप्प्यावर गळला.

कायद्यात नसलेल्या गोष्टींचा जोशींनी पाठपुरावा केला. १९२४ साली त्यांनी बाळंतपणाच्या रजेचे आणि भत्त्याचे विधेयक आणले. ते १९२५ साली फेटाळले गेले. मुंबई प्रांताने तसा कायदा १९२९ साली केला, तेव्हा प्रांतिक कौन्सिलात त्याला पाठिंबा देणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९२५ ते १९२९ जोशी आयटकचे सरचिटणीस होते. १९२९ साली सरकारने व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला, त्यावर जोशींनी जागा स्वीकारली आणि इथे त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग आला.

त्या वर्षी नागपूरला आयटकचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. परकीय सरकारच्या आयोगावर बहिष्कार घालावा, असे बहुमताने ठरले. ज्या संघटनेच्या स्थापनेत आपला हात होता, तीच आपल्याला आयोगावर बसू नका म्हणत होती. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, वेगळा महासंघ काढला. कामगार चळवळीत पडलेली ही पहिली मोठी फूट. त्यांना कोणी सरकारधार्जिणे म्हटले, कोणी मवाळ. बहिष्कारामागेही तळमळ होती, ते स्वराज्याचे दिवस होते. ती बाजू खोटी ठरवण्याचे कारण नाही. पण ज्याचा हात कापला गेला आहे त्याने स्वराज्यापर्यंत थांबावे का, हा प्रश्नही खोटा नव्हता. जोशींनी आयोगावर बसून त्याचे उत्तर दिले.

आयोगाचा अहवाल १९३१ साली आला आणि १९३३ साली भरपाईचा कायदा दुरुस्त झाला. बिनभरपाईचे दहा दिवस सात झाले. दहा रुपये पगाराच्या मजुराच्या मृत्यूचे ३०० रुपये होते, ते ५०० झाले. मृत्यू झाला असेल तर कामगाराच्या चुकीचा बचाव मालकाला राहिला नाही. दुसऱ्या कामगाराच्या हलगर्जीचा बचाव १९३८च्या वेगळ्या कायद्याने गेला. त्याचीही शिफारस आयोगाने केली होती. तीन दिवस आणि दोनशे रुपये. यासाठी माणसाने आपली संघटना गमवावी का? मला वाटते, ज्यांना ते दोनशे रुपये मिळाले त्यांना विचारायला हवे होते.

आमच्या घरातली एक गोष्ट इथे सांगतो. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ मुंबईच्या एका गिरणीत होते. गिरणीचे नाव सांगत नाही. कायदा होऊन पाच-सहा वर्षे झाली असताना त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे यंत्रात गेली. गिरणीतल्या कोणीतरी त्यांच्या हातात वीस रुपये ठेवले आणि गावी जाऊन बरे होऊन ये म्हणून सांगितले. ते पनवेलला आले, चार महिने राहिले, परत गेले तेव्हा जागा भरलेली होती. भरपाईचा कायदा आहे हे त्यांना पुढे वर्षभराने एका सोबत्याकडून कळले. पण दावा सहा महिन्यांत दाखल करायचा होता. मुदत संपली होती. ती मुदत १९३८ साली एक वर्ष झाली आणि पुढे दोन वर्षे. लहानपणी त्यांचा तो हात आम्हा मुलांना गमतीचा वाटे, कारण ते उरलेल्या बोटांत विडी विचित्र पकडत. दहा टक्के गेले होते, हे मला खूप पुढे तक्ता पाहिल्यावर कळले.

कायद्यातली आणखी एक तरतूद मला बँकेमुळे समजली. मृत्यूची भरपाई मालकाने वारसांच्या हातात द्यायची नाही, आयुक्तांकडे भरायची. विधवेच्या किंवा अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम आयुक्त गुंतवूनही ठेवू शकत. मोटार अपघाताच्या दाव्यांतही न्यायाधिकरण असेच करते. पनवेलमधून मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा हे दोन्ही रस्ते जातात, त्यामुळे या भागात अशा ठेवी घेऊन येणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. ठेव मुदतीआधी मोडता येणार नाही, तिच्यावर कर्ज काढता येणार नाही, असा आदेश असे. बाईबरोबर बहुधा दीर किंवा भाऊ येई आणि पैसे मोकळे होतील का, असे तोच विचारी. बाई काही बोलत नसे. नियम दाखवून मी नाही म्हणालो की दीर नाराज होई आणि तिच्या चेहऱ्यावर किंचित सुटका दिसे. कधी खरी नड असे, मुलीची फी, घराचे छप्पर; तेव्हा तोच नियम जाच वाटे आणि मी तिला अर्ज कुठे करायचा ते सांगत असे. १९२३च्या कायदेकर्त्यांनी हे दीर आणि हे छप्पर, दोन्ही आधीच पाहिले होते.

जोशींचा शेवटचा टप्पा शांतपणे गेला. चळवळीतली फूट १९४० पर्यंत सांधली गेली आणि ते पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले, ते १९४८ पर्यंत. त्याच १९४० साली त्यांनी भारत सेवक समाज सोडला. युद्धकाळात मजूरमंत्री होते डॉ. आंबेडकर. बॉम्बहल्ल्यात जखमी होणाऱ्या कामगाराच्या भरपाईचा विमा मालकांवर सक्तीचा करणारे विधेयक त्यांनी १९४३ साली आणले. १९२३ साली राहून गेलेली विम्याची सक्ती युद्धाच्या निमित्ताने का होईना पहिल्यांदा आली, तेव्हा जोशी त्याच सभागृहात होते. लोणेऱ्याला आज आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे आणि जोशींचे गाव तिथून हाकेच्या अंतरावर. हा योगायोग मला आवडतो. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली राज्य कामगार विम्याचा कायदा आला. ३० मे १९५५ रोजी, शहात्तरावे वर्ष पूर्ण व्हायला सहा दिवस असताना, जोशी गेले.

तो वाद मात्र चालूच आहे. १९२३च्या कायद्याचे नाव २००९ साली बदलले आणि २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो सामावला. मोटार अपघाताचा विमा १९४६ पासून सक्तीचा आहे. २०१६ साली मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक संसदेत आले, त्यात विम्याच्या जबाबदारीवर मृत्यूसाठी दहा लाखांची आणि गंभीर इजेसाठी पाच लाखांची कमाल मर्यादा होती. तेच जुने मुद्दे निघाले. हप्ता परवडला पाहिजे, विमा व्यवसाय टिकला पाहिजे; आणि दुसऱ्या बाजूला, तरुण कमावता माणूस गेला तर दहा लाखांत घर कसे चालायचे? ती मर्यादा अखेर काढली गेली. पण २०१९च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली. १९९४ साली अशी मुदत पूर्णपणे काढून टाकली होती, ती पंचवीस वर्षांनी परत आली.

सहा महिने हा आकडा वाचला आणि मला ती दोन बोटे आठवली. दिवस-कार्य, आजारपण, पोलिसांच्या खेपा यांत सहा महिने कसे जातात, हे ज्याच्या घरी घडले आहे त्यालाच कळते. जोशी आज सभागृहात असते तर त्यांनी काय केले असते, हे सांगायला कल्पना लढवावी लागत नाही. त्यांनी त्या एका शब्दावर दुरुस्ती मांडली असती, बहुधा ती हरले असते, आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा मांडली असती. आपल्यापैकी कोणाच्या नात्यात, शेजारात असा प्रसंग आला, तर दुःखाच्या गडबडीत का होईना, पहिल्याच महिन्यात जाणत्या वकिलाला गाठा. आणि गोव्याला जाताना कधी लोणेऱ्याला थांबलात, तर थोडे आत वळून गोरेगाव पाहून या.